पटावरचं नाव

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत 'पट' हा शब्द दोन ठिकाणी ऐकू येतो. तालमीच्या हौद्यात वस्तादांचा आवाज चढतो, "अरं, पट काढ की!" म्हणजे खाली वाक, समोरच्याच्या मांड्यांना मिठी घाल आणि त्याचे पाय मातीपासून सोडव. दुसरा पट ऐकू येतो चैत्राच्या तोंडावर. महापालिकेच्या शाळांतले शिक्षक पोरांची फेरी घेऊन अर्ध्या शिवाजी पुतळ्यापासून गल्लीबोळांत शिरतात आणि घोषणा देतात, "गुढीपाडवा, पट वाढवा!" हा पट म्हणजे शाळेच्या दप्तरात नोंदलेल्या मुलांची यादी.

कुस्तीतल्या पटाचे जाणकार पेठेत घरटी एक सापडतील. खासबागेच्या कुस्ती मैदानात मातीजवळ बसलेला सत्तरीचा माणूस कुस्ती सुटल्यावर अर्धा तास सांगत राहतो: पकड कुठं सैल झाली, दम कुणाचा कधी तुटला, डाव मनात कधी आला आणि हातात कधी उतरला. शाळेच्या पटाकडे मात्र या नजरेनं कुणी बघत नाही. तो वाढला की शाळा टिकली, घटला की शिक्षक 'अतिरिक्त' झाले, एवढंच आपण त्यातून वाचतो. मला ही यादी नीट वाचावीशी वाटते. तिला एक घडण आहे, एक परंपरा आहे, आणि त्या परंपरेतला एक फार देखणा मजकूर याच गावात लिहिला गेला आहे. शाहू छत्रपतींनी १९१७ साली काढलेला सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा, तो हा मजकूर.

त्याच्या आधीचं थोडक्यात. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली होती. बडोद्यात सयाजीरावांनी आधी अमरेली तालुक्यात प्रयोग करून १९०६ साली ते राज्यभर लागू केलं. गोखल्यांनी १९११ साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात विधेयक मांडलं, ते पुढच्या वर्षी पडलं. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांचा कायदा १९१८ साली आला, तोही नगरपालिकांना मुभा देणारा. या सगळ्यांच्या मध्ये करवीर, म्हणजेच कोल्हापूर, हे एक लहान संस्थान उभं आहे. जुलै १९१७मध्ये शिक्षण मोफत केल्याची घोषणा झाली, सप्टेंबरात कायदा निघाला, आणि १९१८च्या मार्चमध्ये करवीर पेट्यातल्या चिखलीला पहिली सक्तीची शाळा उघडली. घोषणेपासून फळ्यापर्यंत आठ महिने.

कायद्याच्या आरंभी हेतू सांगितला आहे. प्रजेला लिहितावाचता यावं, तिला आपली स्थिती ओळखता यावी आणि ती सुधारण्याचं बळ तिच्या अंगी यावं, असा त्याचा आशय. मी या जागी दरवेळी थांबतो. सरकारी मजकुरात हेतूचं वाक्य बहुधा उपचाराचं असतं. ते ओलांडून आपण कलमांकडे जातो. इथं मात्र क्रियापदांच्या क्रमात सगळं साठवलेलं आहे. लिहिणं-वाचणं, मग ओळखणं, मग सुधारणं. यातलं मधलं क्रियापद काढून बघा. 'लिहिता-वाचता येऊन स्थिती सुधारावी' असं वाक्य कुठलंही कनवाळू सरकार लिहील. त्यात सुधारणा वरून खाली येते आणि प्रजेनं ती ओंजळीत घ्यायची. 'ओळखणं' मध्ये आलं की सुधारणारा बदलतो. ज्याला स्वतःची स्थिती दिसली तोच आता ती सुधारणार आहे. एका राजानं आपल्याच प्रजेला असं बघायला शिकवायचं कायद्यानं ठरवावं, आणि त्या बघण्यात राजाचा कारभारही येतो हे त्याला कळत असावं, हे मला फार मोठं वाटतं.

हेतूनंतर रीत. मुलांचं वय सात ते चौदा. त्या वयाच्या मुलांच्या याद्या करायच्या. मूल शाळेत घातलं नाही तर पालकाला विचारायचं, आणि तरीही घातलं नाही तर महिन्याला एक रुपया दंड. त्या काळच्या शेतमजुराच्या काही दिवसांच्या मजुरीएवढा हा रुपया होता. तो वाचताना अजूनही टोचतो. ज्या घरातलं पोर गुरांमागं जातं म्हणून त्या घराची चूल पेटते, त्याच घरावर हा दंड पडणार. मला हा कायद्यातला सगळ्यांत कठोर शब्द वाटतो आणि त्याची कठोरता झाकायची मला गरज वाटत नाही. पण दंडाच्या आधी यादी आहे, हे नजरेतून सुटू देऊ नये. दंड ही धाक दाखवायची गोष्ट. यादी ही कामाची.

यादीनं केलं काय? तिच्या आधी शाळेला फक्त येणारी मुलं माहीत होती. पंतोजींच्या समोर जे बसले ते विद्यार्थी. जे बसले नाहीत ते गावात कुठंतरी होते, पण शाळेच्या कागदावर त्यांना जागाच नव्हती. ज्याचं नावच लिहिलेलं नाही तो गैरहजर तरी कसा असेल? सक्तीच्या कायद्यानं आधी गावातली सगळी मुलं लिहून काढायला सांगितली आणि मग शाळा त्यांच्यापुढे धरली. त्यामुळे कागदावर एक नवी गोष्ट आली: रिकामी चौकट. नाव आहे, वय आहे, बापाचं नाव आहे, आणि पुढे काही नाही. या रिकाम्या चौकटीचं उत्तर आता कुणाला तरी द्यावं लागणार होतं. माझ्या वाचनात या सगळ्या मजकुराचा नायक हाच आहे, न आलेला मुलगा. कायदा त्याच्यासाठी लिहिला आहे.

पैशाचं आणि जागेचं काय केलं, तेही बघण्यासारखं आहे. दरसाल एक लाख रुपयांची तरतूद झाली. शाळेला इमारत नसेल तर देऊळ, धर्मशाळा, चावडी, जे छप्पर गावात असेल त्याखाली वर्ग भरवायचे. इमारत झाल्यावर शाळा सुरू करू म्हटलं असतं तर पहिली पिढी इमारतीची वाट बघत म्हातारी झाली असती. आमच्या भागातल्या प्राथमिक शाळांच्या पाट्यांवर आजही 'विद्यामंदिर' असतं, जिल्हा परिषदेच्या असोत नाही तर महापालिकेच्या. कुमार विद्यामंदिर, कन्या विद्यामंदिर. लहानपणापासून हा शब्द मी इतक्यांदा वाचला की त्यातलं मंदिर दिसेनासं झालं होतं. ज्या संस्थानात देवळाच्या ओवरीत पाटी-पेन्सिल घेऊन पोरं बसली, तिथं हा शब्द अक्षरशः खरा होता, हे नंतर कधीतरी लक्षात आलं.

आता आकडे. आकड्यांचंही रसग्रहण होतं, होऊ द्यावं. १९१७-१८ साली सक्तीच्या शाळा २७ आणि त्यांत मुलं १,२९६. १९२१-२२ साली शाळा ४२० आणि मुलं २२,००७. शाळा सोळापटीच्या जवळ गेल्या, मुलं सतरापट झाली, हे कुणीही सांगेल. मी दुसरा भागाकार केला. पहिल्या वर्षी एका शाळेमागं ४८ मुलं येतात. चार वर्षांनी ५२. म्हणजे चार वर्षांत इतकी वाढ होऊनही एका शाळेचा आकार जवळपास तोच राहिला. मुलं वाढली म्हणून एका वर्गात दीडशे कोंबली असं झालं नाही, आणि शाळांची संख्या दाखवण्यासाठी दहा-दहा पोरांच्या शाळा काढल्या असंही झालं नाही. पन्नासेक मुलं, एखाद-दुसरा मास्तर, गावातलंच छप्पर. हे माप कुणीतरी हातात धरून होतं. सरासरी हा सपाट आकडा असतो हे मला मान्य आहे, तिच्या पोटात उंचसखल बरंच असणार. तरीही हे दोन आकडे शेजारी ठेवले की एका सावध हाताची चाहूल लागते. मे १९२२मध्ये महाराज गेले. हा शेवटचा आकडा त्यांच्या हयातीच्या अगदी काठावरचा आहे.

या मजकुराला एक पुरवणी आहे, आणि तिच्यावाचून तो अपुरा राहिला असता. अस्पृश्यांच्या मुलांसाठी संस्थानात वेगळ्या शाळा होत्या. १९१९ साली महाराजांनी हुकूम काढला की दसऱ्यापासून या वेगळ्या शाळा बंद, सगळी मुलं एकाच सरकारी शाळेत. मुहूर्त दसऱ्याचा. कोल्हापूरच्या माणसाला दसरा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. संध्याकाळी छत्रपतींची स्वारी निघते, सोनं लुटलं जातं, सीमोल्लंघन होतं. त्याच दिवशी घरोघरी पाटीवर सरस्वती काढून तिची पूजा होते. वेस ओलांडायचा आणि पाटी पूजायचा दिवस एकच. त्या दिवसापासून एका पटावर सगळ्यांची नावं. मुहूर्त निवडताना हे सगळं मनात होतं की सोयीचा सण म्हणून दसरा आला, ते आता कुणी सांगू शकणार नाही. पण हुकूम वाचणाऱ्या कोल्हापूरकराच्या कानात त्या शब्दानं जे वाजलं असेल ते मला ऐकू येतं.

*

मूळ संहिता इथं संपते. तिचा पुढचा पाठ आजच्या दप्तरात आहे.

कोल्हापूर महापालिकेच्या ५०हून अधिक प्राथमिक शाळा आहेत. त्यांचा कारभार प्राथमिक शिक्षण समिती बघते. प्रशासनाधिकारी असतात, त्यांच्या हाताखाली शैक्षणिक पर्यवेक्षक, मग मुख्याध्यापक. शिक्षकांच्या पगाराचा निम्मा भार राज्य सरकार उचलतं आणि निम्मा महापालिका, म्हणून गावाच्या घरफाळ्याचा आणि या शाळांचा थेट संबंध आहे. २०१० साली शिक्षण हक्क कायदा लागू झाल्यापासून प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात पाऊण हिस्सा पालकांचा आणि निम्मा महिलांचा. पहिली ते पाचवीला तीस मुलांमागं एक शिक्षक, सहावी ते आठवीला पस्तिसांमागं एक. हे सगळं दरवर्षी ठरतं ते ३० सप्टेंबरच्या पटावर. त्या तारखेला जेवढी मुलं, त्यावर संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार त्याचा हिशेब.

शब्द तोच राहिला, पण त्याचा अर्थ सरकला. १९१७च्या यादीतून नाव निघायचं. आजच्या पटातून बहुतेक वेळा संख्या निघते. पटसंख्या, पटनोंदणी, पटपडताळणी. हा शेवटचा शब्द महाराष्ट्राला २०११च्या ऑक्टोबरात कळला. ३, ४ आणि ५ तारखेला राज्यभर एकाच वेळी सगळ्या शाळांत मुलं मोजली गेली आणि कागदावरची सुमारे २० लाख मुलं वर्गात सापडली नाहीत. ही घटना मला पैशाच्या अपहारापेक्षा मोठी वाटते. शाहूंच्या कायद्यात मूल खरं होतं आणि चौकट रिकामी होती. या दप्तरांत चौकटी भरलेल्या होत्या आणि मूलच नव्हतं. तोच कागद, तेच रकाने, आणि मजकुराचा जीव नेमका उलटा झालेला. राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या १४ हजारांहून अधिक शाळा होत्या. त्या एकत्र करून समूहशाळा काढाव्यात, असा विचार २०२३ साली पुढे आला. तिथंही वाद आकड्याचाच झाला. एखाद्या वाडीवरच्या सतरा नावांना रोज किती चालावं लागेल, हे मागाहून विचारलं गेलं.

कोल्हापूर शहरातला आजचा पाठ मात्र एवढा उदास नाही. जरगनगरचं लक्ष्मीबाई कृष्णाजी जरग विद्यामंदिर ही महापालिकेची मराठी शाळा. पट दोन हजारांवर. पाडव्याला पहिलीचे प्रवेश सुरू होतात, तर पालक आदल्या रात्रीच येऊन शाळेपुढे रांग लावतात. अंथरूण-पांघरूण घेऊन आलेले बाप, थर्मासमधला चहा, पहाटे दोनला आपला नंबर भावाकडे सोपवून घरी जाऊन येणारी माणसं. गावोगावच्या सरकारी शाळा मुलं शोधत फिरत असताना महापालिकेच्या एका शाळेत जागा मिळावी म्हणून माणसं रस्त्यावर रात्र काढतात. एकोणीसशे सतरात मूल शाळेत यावं म्हणून रुपयाचा दंड होता. आता पालक आपण होऊन झोपेचा दंड भरतात. या रांगेचं कौतुक वाटतंच. तिच्यात उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या घराजवळही महापालिकेची एखादी शाळा असेल, हेही मनात येतं.

महापालिकेच्या शाळांच्या नावलौकिकात शिष्यवृत्ती परीक्षेचा वाटा मोठा आहे. दोन पेपर, दीडशे-दीडशे गुणांचे. एकात भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. कोल्हापूर जिल्ह्यात या परीक्षेचं वेड आहे, भुदरगडापासून शहरापर्यंत. सकाळी सातला जादा तास, दिवाळीच्या सुट्टीत सराव, आणि निकालाच्या दिवशी शाळेबाहेर राज्य गुणवत्ता यादीत आलेल्यांचा फलक. महापालिकेच्या शाळांमधली नावं त्या यादीत वारंवार दिसतात. रिक्षावाल्याची मुलगी, गवंड्याचा मुलगा, दुकानात कामाला जाणाऱ्या बाईचा मुलगा. तो फलक मी रस्त्यात थांबून वाचतो, पूर्ण वाचतो. त्यामागं कुठल्या तरी बाईंचे आणि सरांचे पगारात न मोजलेले तास असतात.

तरी विचाराल तर माझं मन त्या फलकावर ठरत नाही. गुणवत्ता यादीत निवडलेली नावं असतात, पटावर सगळी. शाळांचा कारभार कसा चालला आहे हे कळायला मी हजेरीपट मागेन, आणि त्यातही ज्या मुलाच्या नावापुढं सलग चार दिवस खाडे दिसतात तिथं बोट ठेवून विचारीन, याचं पुढं काय झालं? उत्तर मिळालं तर शाळा चांगली.

शिवाजी पेठेत हे उत्तर बऱ्याचदा मिळतं, कारण इथं माणूस गायब होऊ शकत नाही. गांधी मैदानाच्या अलीकडे-पलीकडे, फिरंगाईच्या देवळामागं, साकोली कॉर्नरला, कोण कुठल्या बोळात राहतं हे सगळ्यांना ठाऊक. तालमीत दोन दिवस पोर दिसलं नाही तर वस्ताद जोडीदाराला विचारतो. शाळेतही तीच रीत उतरली असावी. आमच्या गल्लीत जवळच्या शाळेतल्या एक बाई मधल्या सुट्टीत येतात, छत्री असली तर छत्रीसकट, आणि दारातूनच बोलतात.

"काकू, आला नाही हो दोन दिवस."

"व्हय बाई, आजीसंगं जोतिबाला गेलाय. सोमवारी धाडतो की."

"ताप-बीप नाही ना?"

"न्हाई न्हाई. सोमवारी मीच सोडतो."

आमच्याकडं बायका 'धाडतो', 'सोडतो' असंच बोलतात. बाई मान डोलावतात आणि पुढच्या दाराकडे जातात. दोन मिनिटांचं काम. माझ्या मते एकोणीसशे सतरातल्या त्या कायद्याचा हा सगळ्यांत शुद्ध पाठ आहे. यादी आहे, रिकामी चौकट आहे, विचारणा आहे. दंडाची जागा मात्र तापाच्या चौकशीनं घेतली आहे. गैरहजेरीची कारणं तर या गावाची दिनदर्शिकाच असतात. चैत्रात जोतिबा, आषाढात त्र्यंबोलीला पाणी वाहायला जाणं, नवरात्रात अंबाबाईच्या दारातला धंदा, आणि जुलै-ऑगस्टात पंचगंगेचं पाणी. पहिली सक्तीची शाळा जिथं उघडली ती चिखली तर २०१९ आणि २०२१च्या महापुरात पाण्यानं वेढली गेली. अशा वेळी शहरातल्या शाळांचे वर्ग पूरग्रस्तांसाठी उघडले जातात, बाकं भिंतीला लागतात आणि फळ्यावर कुटुंबांची नावं लिहिली जातात.

मुख्याध्यापकांच्या कपाटात आणखी एक वही असते, दाखलखारीज रजिस्टर. मुलाचं नाव, जन्मतारीख, आईबापाचं नाव, जन्मगाव, जात, आधीची शाळा, दाखल तारीख, सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण. हजेरीपट वर्षानं जुना होतो. ही वही म्हातारी होते. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली तेव्हा जुन्या शाळांतल्या अशा वह्या बासनातून निघाल्या आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. ज्या नोंदी त्या काळच्या मास्तरांनी टाकाला शाई लावून निव्वळ नेमाचं काम म्हणून केल्या होत्या, त्यांवर शंभर वर्षांनी माणसं बोटं फिरवत होती.

मला त्या वहीतला शेवटचा रकाना वाचायला आवडतो. सोडण्याचं कारण. 'पुढील शिक्षणासाठी' असं बहुतेकांपुढे असतं. काहींपुढे 'परगावी गेल्याने'. जुन्या पानांवर मधूनच 'घरकामासाठी' येतं आणि तिथं वाचणं अडतं. एका पानावर मी एका मुलीचं नाव दोनदा पाहिलं. एकदा खारीज, कारण घरकाम; आणि वर्षाच्या आतच, खालच्या ओळींत, नव्या अनुक्रमांकानं पुन्हा दाखल. अक्षर दोन्हीकडे एकाच हाताचं. मधल्या महिन्यांत कोण तिच्या दारात गेलं, काय बोलणं झालं, बापानं काय उत्तर दिलं, त्यासाठी त्या वहीत रकाना नाही. दुसऱ्या नोंदीची शाई मात्र पहिलीपेक्षा ठळक आहे, टाक नुकताच दौतीत बुडवल्यासारखी.